गुहेतला लवणस्तंभ जुन्या पावसाबद्दल काय सांगतो आणि काय सांगत नाही

प्रश्न कळव्याच्या एका भूगोल शिक्षकांचा आहे. भूजलाच्या कार्याने तयार होणारी भूरूपे शिकवत असताना वर्गातल्या मुलांनी त्यांना विचारले की, मेघालयातल्या एका गुहेतल्या दगडावरून ४,२०० वर्षांपूर्वीचा दुष्काळ शोधून काढला असे आम्ही वाचले, तर दगडात पावसाची नोंद होते कशी? आणि कान्हेरीच्या लेण्यांतही छतातून पाणी ठिबकते, मग तिथून ठाण्याचा हजार वर्षांपूर्वीचा पाऊस काढता येईल का? मी बरीच वर्षे समस्थानिकांच्या, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंच्या, मोजणीचे काम करत आले आहे आणि राहते ठाण्यातच. त्यामुळे दोन्ही प्रश्न मला जवळचे आहेत.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते छोटे आहे. नाही, काढता येणार नाही. कान्हेरीचा डोंगर, येऊर, पारसिकची रांग, घारापुरी हे सगळे ज्वालामुखीच्या खडकाचे, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या उद्रेकांतून तयार झालेले. त्यातली लेणी माणसाने छिन्नी-हातोड्याने कोरली आहेत. लवणस्तंभ तयार व्हायला चुनखडीचा डोंगर लागतो, पाण्याने हजारो वर्षे विरघळवून पोखरलेला. कान्हेरीच्या छतातून पडणारा थेंब पोढीत, म्हणजे खडकात कोरलेल्या टाक्यात, साठतो, खाली दगड उभा करत नाही.

मुलांनी आणखी एक गोष्ट पाहिली असेल आणि ती गोंधळात टाकणारी आहे. नवी मुंबईतल्या जुन्या उड्डाणपुलांखाली किंवा इमारतींच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये काँक्रीटच्या भेगांतून पांढऱ्या बारीक नळ्या लोंबताना दिसतात. दिसायला त्या थेट अधोमुखी लवणस्तंभांसारख्या असतात आणि त्यातले खनिजही तेच, कॅल्शियम कार्बोनेट. पण ते तयार होण्याची रीत उलटी आहे. काँक्रीटमधला विरघळलेला चुना बाहेर येतो आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो. खऱ्या गुहेत पाणी कार्बन डायऑक्साइड सोडून देते आणि मग कॅल्साइट साचते. पुलाखालची नळी गुहेतल्या नळीपेक्षा शेकडो पटींनी झपाट्याने वाढते. तिच्या रसायनात पावसापेक्षा सिमेंटचीच कहाणी जास्त असते, म्हणून तिच्यावरून हवामान वाचता येत नाही. मुलांना दाखवायला मात्र ती उत्तम, फक्त रस्ता ओलांडताना सांभाळून.

आता मुख्य प्रश्न. चुनखडीच्या डोंगरावर पाऊस पडतो, पाणी मातीतून झिरपते. मातीत झाडांची मुळे आणि सूक्ष्मजीव श्वसन करत असल्याने तिथल्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त असतो. तो पाण्यात मिसळून सौम्य कार्बोनिक आम्ल बनते आणि ते चुनखडी विरघळवत खाली जाते. गुहेच्या छताशी पोचल्यावर या पाण्याला मोकळी हवा भेटते, जादा वायू निसटतो, आणि पाण्यात मावेनासा झालेला चुना कॅल्साइट म्हणून साचतो. थेंब खाली जिथे आपटतो तिथे ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ उभा राहतो. त्याची वाढ फार सावकाश होते, वर्षाला एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागापासून काही दशांशांपर्यंत. आम्ही कामासाठी छतावरचे अधोमुखी स्तंभ सहसा घेत नाही, जमिनीवरचे घेतो. ते सरळ उभे वाढतात, थर एकावर एक चढत जातात आणि खालून वर गेले की काळ पुढे सरकतो.

कॅल्साइटच्या प्रत्येक रेणूत ऑक्सिजनचे तीन अणू असतात आणि त्यांच्यात ठिबकणाऱ्या पाण्याची खूण उतरते. निसर्गातल्या ऑक्सिजनपैकी सुमारे ९९.७६ टक्के अणू १६ वस्तुमानाचे असतात, सुमारे ०.२ टक्के १८ वस्तुमानाचे. जड अणू असलेले पाणी वाफ व्हायला जरा मागे राहते आणि ढगातून द्रवरूपात उतरताना आधी उतरते. त्यामुळे समुद्रावरून निघालेली बाष्पयुक्त हवा जसजसा पाऊस पाडत जाते, तसतसे तिच्यात उरलेले बाष्प हलके होत जाते. मोसमी पाऊस जोरदार असेल, मोठमोठे ढगसमूह दिवसचे दिवस बरसत असतील, तर त्या पावसात ऑक्सिजन-१८ चे प्रमाण आणखी घटते. उष्ण कटिबंधातल्या पावसात हा संबंध डेन्मार्कचे शास्त्रज्ञ विली डान्सगार्ड यांनी १९६४ साली स्पष्टपणे मांडला. त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक हवामान संघटना यांनी जगभर पावसाचे नमुने गोळा करण्याचे जाळे उभारले होते. मुंबई आणि नवी दिल्ली ही त्यातली भारतातली केंद्रे. आज आपण गुहेतल्या आकड्यांचा अर्थ लावतो तो अशा केंद्रांवर बाटलीत धरलेल्या पावसाच्या आधारावर.

म्हणजे ढोबळ नियम असा झाला: कॅल्साइटमध्ये ऑक्सिजन-१८ कमी, तर मोसमी पाऊस बळकट, जास्त, तर दुबळा. वर्तमानपत्रात येते ते एवढेच. या नियमाला किती अटी आहेत हे मी मुद्दाम लांबून सांगणार आहे, कारण या विषयातले बहुतेक गैरसमज तिथेच जन्मतात.

पहिली अट जागेची. २६ जुलै २००५ हा दिवस ठाणे-मुंबईत कोणी विसरलेले नाही. त्या दिवसाच्या नोंदीत सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस आहे आणि त्याच शहरातल्या कुलाब्याला जेमतेम ७३ मिमी. पण पावसाच्या पाण्यातले ऑक्सिजन-१८ त्या एका ठिकाणी किती पाणी पडले यावर फारसे ठरत नाही. आसपासच्या शेकडो किलोमीटरच्या टापूत ढगांची उलथापालथ कशी चालली आहे, बाष्प कुठून कुठवर प्रवास करून आले, वाटेत त्याने किती पाऊस सांडला, यावर ते ठरते. केरळमधल्या पावसाच्या मोजमापांतून हे फार छान दिसले आहे. तिथे समस्थानिकांचा संबंध स्थानिक पावसाच्या मिलिमीटरपेक्षा विस्तृत प्रदेशातल्या संघटित ढगसमूहांशी जास्त घट्ट निघाला. म्हणून लवणस्तंभ एखाद्या गावचा पर्जन्यमापक नव्हे. तो मोठ्या प्रदेशावरच्या मोसमी वाऱ्यांच्या बळाची खूण देतो. माझ्या मते यात तोटा नाही. उलट हजार किलोमीटर दूरच्या गुहेवरून आपल्या प्रदेशाबद्दल काहीतरी बोलता येते ते याचमुळे.

दुसरी अट पाणी मुरण्याची. डोंगरावर पडलेला पाऊस त्याच दिवशी गुहेत ठिबकत नाही. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत आजचे, कालचे, परवाचे पाणी मिसळते आणि नळाला येते ते मिश्रण, तसेच चुनखडीच्या भेगांत आणि पोकळ्यांत काही महिन्यांचे, कधी काही वर्षांचे पाणी एकत्र होऊन थेंब बनतो. त्यामुळे एका मुसळधार दिवसाची खूण बहुधा पुसली जाते आणि वर्षांची, दशकांची चाल उरते. २६ जुलैसारखा दिवस हजार वर्षांपूर्वी येऊन गेला का, हे आपल्या गुहांना विचारू नये. सलग वीस वर्षे पावसाने ओढ दिली का, हे जरूर विचारावे.

तिसरी अट बाष्पाच्या उगमाची. मेघालयातली मॉमलूह गुहा चेरापुंजीजवळ, म्हणजे सोहराजवळ आहे. तिथे वर्षाला ११,००० मिमीहून जास्त पाऊस पडतो. तिथल्या पावसाचे आठवड्या-आठवड्याने नमुने घेतले तेव्हा दिसले की सर्वांत हलके पाणी भर पावसात पडत नाही, हंगामाच्या उत्तरार्धात पडते. तोवर गंगा-ब्रह्मपुत्रेच्या पुराचे गोडे पाणी बंगालच्या उपसागराच्या पृष्ठभागावर पसरलेले असते. ते मुळातच हलके, त्यामुळे त्यावरून उठणारे बाष्पही हलके. अशा ठिकाणी केवळ पाऊस जास्त की कमी एवढाच अर्थ लावला तर फसगत होते.

शिवाय तापमान आहे. गुहेत एक अंश उबदारपणा वाढला की कॅल्साइटमधले ऑक्सिजन-१८ चे मूल्य हजारी सुमारे ०.२ ने घसरते. गेल्या दोन-चार हजार वर्षांसाठी हा परिणाम लहान आहे, हिमयुगांपर्यंत मागे गेले की तो हिशेबात धरावा लागतो. आणि गुहेत वारा खेळता असेल, थेंब फार वेळाने पडत असेल, तर पाण्याचे बाष्पीभवन होऊन किंवा वायू घाईने निसटून आकडे बिघडतात. एकाच थरावर मध्यापासून कडेपर्यंत मोजून हे तपासण्याची हेंडी यांची १९७१ सालची कसोटी अजून वापरली जाते. मला स्वतःला तिच्यापेक्षा एकाच गुहेतल्या दोन वेगळ्या स्तंभांची तुलना जास्त विश्वासाची वाटते. दोघांचा आलेख जुळला तर ती हवामानाची खूण. जुळला नाही तर निदान एका थेंबाच्या वाटेत काहीतरी स्थानिक घडलेले असते.

मग इतक्या अटी असताना लवणस्तंभाला एवढा मान का? कारण त्याचे वय. समुद्रतळाचा गाळ, तळ्याचा गाळ यांनाही जुने हवामान कळते, पण त्यांच्या तारखा बहुतेक वेळा रेडिओकार्बनवर, म्हणजे किरणोत्सारी कार्बनच्या ऱ्हासावर, अवलंबून असतात आणि त्यात दशकांची, कधी शतकांची चूक राहते. लवणस्तंभात युरेनियम आणि थोरियमचे घड्याळ असते. युरेनियम ऑक्सिजनयुक्त पाण्यात विरघळते, थोरियम विरघळत नाही, मातीच्या कणांना चिकटून मागे राहते. म्हणून नव्याने साचलेल्या स्वच्छ कॅल्साइटमध्ये किंचित युरेनियम असते आणि थोरियम जवळजवळ नसते. पुढे युरेनियम-२३४ चा ऱ्हास होऊन थोरियम-२३० साचत जाते. त्याचे अर्धायुष्य सुमारे ७५,६०० वर्षे. दोघांचे गुणोत्तर मोजले की थर कधी साचला ते कळते. चांगल्या नमुन्यात, गेल्या दोन-तीन हजार वर्षांसाठी, ही चूक मोजक्या वर्षांवर येते. मागे जाण्याची मर्यादा सुमारे सहा लाख वर्षांची. रेडिओकार्बन इथे नीट चालत नाही, कारण थेंबातला बराच कार्बन कोट्यवधी वर्षांच्या चुनखडीतून आलेला असतो, त्यात किरणोत्सारी कार्बन उरलेलाच नसतो आणि वय खोटे जुने दिसते.

युरेनियमच्या घड्याळालाही एक शत्रू आहे, तो म्हणजे चिखल. पुराच्या पाण्याबरोबर मातीचे कण थरात अडकले की बाहेरचे थोरियम आत शिरते. मग थोरियम-२३२ मोजून त्याचा अंदाज वजा करावा लागतो आणि वयातल्या संभाव्य चुकीचा पट्टा रुंदावतो. आपल्याकडच्या गुहांत हा त्रास बराच होतो. म्हणून स्तंभ कापल्यावर आधी डोळ्यांनी पाहायचे: दुधी किंवा मधाच्या रंगाचे, घट्ट, चमकदार कॅल्साइट असेल तर आशा, तपकिरी, सच्छिद्र, मातीचे पट्टे असतील तर त्या नमुन्यावर पैसे घालवू नयेत.

प्रयोगशाळेत काय होते ते थोडक्यात. स्तंभ वाढीच्या अक्षातून हिऱ्याच्या पात्याने उभा चिरतात आणि घासून गुळगुळीत करतात. सूक्ष्म ड्रिलने दर दशांश मिलिमीटरला किंवा त्याहूनही जवळजवळ भुकटी काढतात. प्रत्येक चिमूट ग्रॅमच्या दहा हजाराव्या भागाएवढी किंवा त्याहूनही कमी. तिच्यावर फॉस्फोरिक आम्ल टाकून निघालेला कार्बन डायऑक्साइड मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे वस्तुमानानुसार कण वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात, जातो आणि तिथे ऑक्सिजन व कार्बन दोन्हींची गुणोत्तरे मिळतात. वयासाठी वेगळे, मोठे तुकडे काढून त्यातले युरेनियम व थोरियम रासायनिक प्रक्रियेने वेगळे करतात. त्याच स्तंभात मॅग्नेशियम आणि स्ट्रॉन्शियमही मोजता येते. कोरड्या वर्षांत पाणी भेगांत रेंगाळते, वाटेतच थोडे कॅल्साइट टाकून देते, आणि उरलेल्या पाण्यात कॅल्शियमच्या मानाने हे दोन धातू वाढतात. ऑक्सिजन प्रदेशाचे बोलतो, तर मॅग्नेशियम त्या डोंगरावर पाणी किती मुरले ते सांगतो. दोघे एकच गोष्ट सांगू लागले की माझा विश्वास बसतो.

एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. पाऊस फारच कमी झाला की थेंब थांबतो आणि स्तंभाची वाढही थांबते. म्हणजे सर्वांत भीषण दुष्काळाची नोंद कधीकधी कोऱ्या जागेच्या रूपात असते, दोन थरांमधली एक बारीक रेष. ती रेष ओळखली नाही आणि दोन्ही बाजूंच्या तारखा सरळ जोडून टाकल्या, तर दुष्काळच नाहीसा होतो.

आता मुलांनी वाचलेल्या बातमीकडे येते. मॉमलूह गुहेतल्या एका स्तंभात सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी मोसमी पाऊस दुबळा झाल्याची खूण २०१२ साली प्रसिद्ध झाली. इजिप्त, मेसोपोटेमिया अशा दूरच्या प्रदेशांतूनही त्या सुमाराच्या कोरडेपणाचे पुरावे होते. २०१८ साली भूशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने भूवैज्ञानिक काळाचा सर्वांत अलीकडचा टप्पा याच खुणेपासून सुरू होतो असे ठरवले आणि त्याला ‘मेघालयन’ नाव दिले. आपण सगळे त्या मेघालयन काळात राहतो. कालखंडाची अधिकृत सीमा लवणस्तंभात आखली गेली ती ही पहिलीच वेळ.

पण ‘दुष्काळ आला आणि सिंधू संस्कृती बुडाली’ हे वाक्य फळ्यावर लिहू नये. त्याच मॉमलूह गुहेतल्या दुसऱ्या, अधिक दाट तारखा असलेल्या स्तंभाचा अभ्यास २०१८ साली आला आणि त्यात चित्र एकाच सलग कोरड्या काळाचे नव्हते, दशकादशकांच्या चढउतारांचे होते. उत्तराखंडात पिथोरागढ भागातल्या धरमजली गुहेचा अभ्यास २०२३ साली आला. त्यात आजपासून सुमारे ४,२०० ते ३,९७० वर्षांपूर्वीच्या काळात २५ ते ९० वर्षे टिकलेले कोरडे टप्पे पुन्हा पुन्हा आलेले दिसतात, आणि उन्हाळी व हिवाळी दोन्ही पाऊस घटलेले दिसतात. सिंधू खोऱ्यातली शहरे लहान होत गेली, वस्ती विखुरली, लोक पूर्वेकडे सरकले, हे सगळे काही पिढ्यांत घडले. ज्याच्या शेतीला खरिपाचा आणि रब्बीचा दोन्ही आधार होता, त्याचे दोन्ही आधार वारंवार डळमळले तर तो काय करेल, असा प्रश्न मुलांना विचारा. त्यांना उत्तर सुचेल.

महाराष्ट्रातल्या वाचकाला त्याहून जवळची गोष्ट दुर्गादेवीच्या दुष्काळाची आहे. बहमनी काळात, १३९६ पासून पुढे बारा वर्षे दख्खनमध्ये पाऊस नव्हता, गावेच्या गावे ओस पडली, असे परंपरा सांगते. बारा वर्षे हा आकडा लोककथेतला वाटतो आणि मलाही तो सुरुवातीला तसाच वाटे. छत्तीसगडमध्ये जगदलपूरजवळ कांगेर खोऱ्यात दंडक नावाची गुहा आहे. ती मोसमी पावसाच्या गाभ्याच्या पट्ट्यात येते; तिथला पाऊस देशाच्या एकूण पावसाबरोबर वरखाली होतो. तिथल्या स्तंभावरून आशिष सिन्हा आणि सहकाऱ्यांनी इसवी सन ६०० ते १५०० पर्यंतची नोंद २००७ साली प्रसिद्ध केली. चौदाव्या शतकाच्या मध्यापासून पंधराव्या शतकापर्यंत मोसमी पाऊस वारंवार आणि दीर्घकाळ दुबळा होता आणि दुर्गादेवीचा दुष्काळ त्याच काळात बसतो. पुढे २०२२ साली मॉमलूह गुहेतूनच गेल्या हजारएक वर्षांची, फार नेमक्या तारखांची नोंद आली. तिनेही दाखवले की अनेक वर्षे टिकणारे दुष्काळ त्या काळात वारंवार आले आणि बखरी, प्रवासवर्णने, करवसुलीचे कागद यांतल्या दुष्काळांशी ते जुळतात. बारा वर्षांतल्या एकाही वर्षी थेंबही पडला नाही, असे कोणताही स्तंभ सांगत नाही. सरासरीच्या खाली गेलेली वर्षे सलग येत राहिली, एवढे तो सांगतो, आणि कोरडवाहू शेती मोडायला तेवढे पुरते.

मला वाटते या सगळ्या शास्त्राचे खरे मोल इथे आहे. आपल्याकडे देशभराच्या सरासरी पावसाची यंत्राने मोजलेली सलग मालिका १८७१ पासूनची आहे. तिच्यात १८७७ आहे, १८९९ आहे, १९१८ आहे, १९७२ आहे. ही वर्षे भयंकर होती. पण ती एकेकटी किंवा जोडीने आली आणि पुढच्या पावसाळ्याने सावरले. भातसा, बारवी, मोरबे ही आपल्याला पाणी पाजणारी धरणे दर पावसाळ्यात नव्याने भरतील या गृहीतावर उभी आहेत आणि ते गृहीत या दीडशे वर्षांच्या अनुभवातून आले आहे. गुहा सांगतात की हा दीडशे वर्षांचा काळ मोसमी पावसाच्या स्वभावाचा पूर्ण नमुना नाही. दहा-वीस वर्षे ओढ धरणारा पाऊस याच प्रदेशाने माणसांच्या आठवणीच्या थोडेच पलीकडे पाहिला आहे. तो तापमानवाढीशिवाय आला होता, म्हणजे निसर्गाच्या स्वतःच्या चढउतारात बसतो. पाणीपुरवठ्याचे नियोजन करणाऱ्यांनी हे आकडे आपल्या टेबलावर ठेवावेत असे मी मनापासून सांगत आले आहे.

लांबच्या काळाबद्दल थोडेच. चीनमधल्या हुलू गुहेची नोंद २००१ साली आली आणि पुढे इतर चिनी गुहा जोडत २०१६ पर्यंत ती ६,४०,००० वर्षे मागे नेली गेली. उत्तराखंडातल्या बिट्टू गुहेतून भारतीय मोसमी पावसाची जवळपास २,८०,००० वर्षांची नोंद मिळाली. या आलेखांत सुमारे २३,००० वर्षांची लय स्वच्छ दिसते. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा घुमतो, त्यामुळे उत्तर गोलार्धातल्या उन्हाळ्याला मिळणारे ऊन कमीजास्त होते आणि मोसमी पाऊस त्याच्यामागे जातो. सुमारे ९,००० वर्षांपूर्वी ते ऊन आजच्यापेक्षा जवळजवळ ८ टक्के जास्त होते आणि राजस्थानच्या वाळवंटातही तळी भरलेली होती.

मग कोकणाचे काय? ठाण्यात गुहा नाही म्हणून हात बांधले जातात असे नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या अकलगवी गुहेतून अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या सहकार्याने, ३३१ वर्षांच्या स्तंभावरून पावसाचे चढउतार २००४ साली मांडले. अरबी समुद्रावरून येणारे तेच वारे, तोच सह्याद्री, म्हणून कोकणासाठी हा मला सर्वांत जवळचा धागा वाटतो. ठाणे जिल्ह्यातल्या सागाच्या वाढवलयांवर पुण्याच्या याच संस्थेतल्या संशोधकांनी १९८०च्या दशकात काम केले. पाऊसमान आणि वलयाची रुंदी यांचा संबंध तपासण्याच्या आपल्याकडच्या आरंभीच्या प्रयत्नांपैकी ते एक होते. आणि लोणारचे सरोवर आहे. तिथल्या गाळाच्या गाभ्यात गेलुसाइट नावाचे क्षार-खनिज सापडते. सरोवर आटून पाणी खारट झाले की ते साचते. त्यावरून ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा, असे दोन दीर्घ कोरडे काळ २०१४ साली मांडले गेले. त्या कामात नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील संशोधकांचाही सहभाग होता. वर्गाची सहल कळव्याहून पनवेलच्या या संस्थेपर्यंत सहज जाऊ शकते.

सहलीबद्दल लिहितेच आहे तर एक विनंती. आंध्र प्रदेशातल्या बोरा किंवा बेलम गुहांना गेलात तर मुलांना स्तंभांना हात लावू देऊ नका. हाताचे तेल लागले की त्या जागी कॅल्साइट साचणे बिघडते. तुटलेल्या तुकड्याची तर भरपाईच नाही. संशोधनासाठीही आता शक्यतो आधीच मोडून पडलेले स्तंभ निवडतात आणि परवानगीशिवाय काहीही हलवत नाहीत. बाजारात किंवा ऑनलाइन कोणी लवणस्तंभ विकत असेल तर घेऊ नका. तो कोणत्या गुहेतून, कोणत्या थेंबाखालून काढला हे हरवले की त्यातली नोंदही हरवते.

गुहेतली रसायनक्रिया मात्र शाळेच्या प्रयोगशाळेत वीस मिनिटांत दाखवता येते. चुन्याची ताजी निवळी परीक्षानळीत घ्या आणि नळीने फुंका. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने ती दुधाळ होईल. बहुतेक शाळा इथेच थांबतात. तुम्ही थांबू नका. आणखी बराच वेळ फुंकत राहा, किंवा सोडा आणि व्हिनेगरमधून निघणारा वायू त्यात सोडा. दुधाळपणा जाऊन पाणी पुन्हा स्वच्छ होईल. डोंगरातून झिरपणारे पाणी असेच असते. आता ती नळी सौम्य आचेवर धरा. वायू निसटेल आणि पाणी पुन्हा गढुळेल. गुहेच्या छताशी थेंब हेच करतो, फक्त आचेशिवाय. तळाशी बसलेली पांढरी पूड गाळून वाळवा आणि तिच्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका. जे बुडबुडे येतील, तोच वायू आम्ही मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये सोडतो.